सातवी फळी: रत्नागिरीची जुनी पेठ कशी वाचायची

राम आळीतल्या जुन्या दुकानांना शटर नव्हते, फळ्या होत्या. माझे आजोबा तिथल्या एका किराणा दुकानात दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी सकाळी त्यांच्याबरोबर जाई आणि फळ्या काढायला हात लावी. खाली उंबऱ्याला एक लांब खाच, वर तुळईला दुसरी, जरा जास्त खोल. आडवी लोखंडी पट्टी आणि तिचे कुलूप काढले की एकेक फळी वर उचलायची, खालचे टोक सोडवायचे आणि पुढे ओढून घ्यायची. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला छिन्नीने आकडा कोरलेला, १ ते ११. हाताने कापलेल्या फळ्या, प्रत्येकीची कड वेगळी. रात्री लावताना क्रम चुकला की अकरावी काही केल्या बसत नसे.

त्यातली सातवी वेगळी होती. बाकीच्या दहा सागवानी, काळ्या पडलेल्या. ही फणसाची, पिवळसर. तिच्या खालचा उंबराही तेवढ्याच जागी झिजून खोलगट झालेला. आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "रेशनच्या दिवसांत ही एकच फळी काढून माल द्यायचो. माणसं आत घुसू नयेत म्हणून. रोज काढून घालून जुनी फुटली, मग ही बसवली."

ते दुकान आता नाही. पण जुनी पेठ म्हणजे काय, हे मला त्या फळीने शिकवले. कुणीतरी हे घर असेच का बांधले, ही फळी का झिजली, हा माळा एवढा उंच कशाला, असे विचारत गेले की दगड आणि लाकूड बोलायला लागतात. कोकणातल्या कुठल्याही बंदराच्या पेठेत उभे राहून मी तीन गोष्टी विचारतो. माल कुठून यायचा? पैसे कधी यायचे? आणि गिऱ्हाइकाला कुठवर येऊ दिले जायचे? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि त्याचे उत्तर कागदावर सहसा सापडत नाही.

पेठेचे तोंड समुद्राकडे

मुंबईपासून खाली येत जा, बऱ्याच बंदरांना एक 'मांडवी' आहे. मांडवी म्हणजे उतरलेल्या मालावर जकात घेण्याची जागा. रत्नागिरीलाही मांडवी आहे. आज लोक तिथे संध्याकाळी भेळ खायला आणि सूर्यास्त बघायला जातात, पण एके काळी तोच गावाचा पुढचा दरवाजा होता. रस्त्याने येणारा माणूस मागच्या दाराने आल्यासारखा. पेठेची रचना याच हिशेबाने झाली: बंदर, मग वखारी, मग घाऊक दुकाने, मग किरकोळ दुकाने, आणि शेवटी गाडीतळ, जिथून बैलगाड्या घाटाकडे निघत. रत्नागिरीत गाडीतळ हे नाव अजून आहे. तेली आळी आहे. बैल गेले, घाणे गेले, नावे राहिली. जुने गाव समजून घ्यायचे तर आधी नावांची यादी करावी, कारण पाट्या बदलतात तेवढ्या लवकर बोलण्यातली नावे बदलत नाहीत.

आगबोटींचा काळ आठवणारी माणसे आता थोडी उरली. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, आणि किनाऱ्यावरून पडाव जाऊन माणसे व माल उतरवून आणत. ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बाळंतिणी, सगळे त्या हलत्या पडावात. जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे तेव्हाच्या कोकण्याला आजच्या रेल्वे स्टेशनांसारखी पाठ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परक्या कंपनीशी टक्कर द्यायला एक स्वदेशी आगबोट कंपनी निघाली. तिचे अधिकृत नाव लांबलचक होते, लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. त्या एका शब्दात केवढी आपुलकी होती!

पण हा पुढचा दरवाजा वर्षातले चार महिने बंद असे. पावसाळ्यात समुद्र खवळला की गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत आणि लांब पल्ल्याच्या आगबोटी थांबत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की मग हळूहळू वाहतूक सुरू. पावसाळी समुद्राशी खेळता येत नाही, हे कोकणाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरच्या गावांत अजून तिचे नाव काढले की म्हातारी माणसे गप्प होतात.

आता हे चार महिने डोळ्यांसमोर ठेवून जुन्या दुकानाकडे बघा. माळा एवढा का, याचे उत्तर मिळते. मृगाच्या आधी जी सगळी भरणी करायची तिला आगोट म्हणतात. मीठ, मिरची, कडधान्य, सुके मासे, गूळ, रॉकेल, सगळे पावसाआधी. घरोघरी आगोट भरायची म्हणजे दुकानदाराने ती त्याआधी भरलेली असायला हवी. म्हणून दुकानाच्या डोक्यावर लाकडी तक्तपोशीचा माळा, त्याला मध्ये चौकोनी झडप, आणि झडपेच्या वर आढ्याला एक कडी. त्या कडीतून दोर सोडून पोती वर ओढत. जुन्या दुकानात गेलात तर मान वर करून ती कडी शोधा. आमच्या आजोबांच्या दुकानातली कडी दोराने घासून एका बाजूला पातळ झाली होती. मिठाची पोती मात्र माळ्यावर जात नसत. मीठ पाझरते, लाकूड खाते. ते खाली, मागच्या पडवीत, जांभ्याच्या ओट्यावर.

बाहेरच्या अंगाला छप्पर चांगले दोन-तीन हात पुढे काढलेले असे, आणि पावसाळ्यात त्याला पुढून माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधत. दुकान जुलैत अंधारे असे. दिवसा कंदील लावून हिशेब लिहिलेला आजोबांना आठवत होता.

बंदर मेले की पेठ का मरते

इथे जरा रत्नागिरी सोडून बाजूला जाऊ, कारण ही गोष्ट राजापूर आणि वेंगुर्ल्यात जास्त स्पष्ट दिसते.

राजापूर खाडीच्या पार आत वसले आहे. समुद्रावरून थेट हल्ला होऊ नये आणि घाटावरचा माल जवळ पडावा, म्हणून ती जागा सोयीची. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा इंग्रजांनी त्याला तोफगोळ्यांची मदत केली. त्याचा जाब म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारीतल्या इंग्रजांना कैद केले. एवढे महत्त्वाचे बंदर. पण खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबते शहरापर्यंत पोहोचेनात, माल खाली उतरवून छोट्या होड्यांनी आणावा लागे. बंदर असे सावकाश मेले, आणि पेठ मात्र नदीकाठी तशीच राहिली. आता तिला नदीचा उपयोग नाही, पुराचा त्रास तेवढा आहे. दर पावसाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरल्याची बातमी येते, आणि लोक विचारतात, बाजार एवढा खाली कशाला बांधला? कारण तेव्हा पाणी हाच रस्ता होता. चिपळूणचेही तेच. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरात वाशिष्ठीने तिथली पेठ बुडवली. १८६४ पासूनचे तिथले वाचनालय २००५ मध्ये पाण्याखाली गेले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला.

वेंगुर्ल्याचे दुखणे निराळे. डचांनी सतराव्या शतकात तिथे वखार बांधली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि बेळगावच्या छावणीचे ते बंदर बनले. आंबोलीच्या घाटातून गाड्यांची रांग चाले. मग १८८०चे दशक संपता संपता मुरगावहून घाट चढून रेल्वे वर गेली. बेळगाव-धारवाडचा माल त्या वाटेने वळला. वेंगुर्ल्याच्या समुद्राला काही झाले नाही, खाडी बुजली नाही, वादळ आले नाही. दूर कुठेतरी रूळ पडले आणि इथल्या वखारी ओस पडल्या. पेठेचे नशीब पेठेत ठरत नाही, हे वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर चालताना फार जाणवते.

रत्नागिरीत पेठ मेली नाही, ती डोंगर चढली. मांडवीवरून निघा आणि कोल्हापूरच्या रस्त्याने वर चालत राहा. राम आळी ही गलबतांच्या आणि आगबोटींच्या काळाची. मारुती मंदिर, साळवी स्टॉप हा भाग एसटी आणि ट्रक आल्यानंतर भरला. कुवारबाव रेल्वेनंतर, कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि स्टेशन जुन्या गावापासून कितीतरी वर, पठारावर आले. आणखी पुढे हातखंबा, जिथे महामार्ग गाठतो. समुद्र ते महामार्ग एवढ्या पट्ट्यात दीडशे वर्षे एकामागे एक मांडलेली आहेत. रिक्षाने अर्ध्या तासात ती पाहून होतात.

जांभा, चुना, कौल

बांधकामाचे साहित्य थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून घराचे वय आणि मालकाची ऐपत कळते.

जांभा खाणीतून काढताना तासता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. त्याचे चिरे. चिरे जोडायला चुना, आणि किनाऱ्यावर तो शिंपले भाजून करत. जुन्या भिंतीचा गिलावा उडालेल्या जागी बोट फिरवा, शिंपल्याचा पांढरा कपचा हाताला लागतो. लाकूड परवडेल तसे: श्रीमंताकडे सागवान, बाकीच्यांकडे फणस, ऐन, किंजळ. छपरावर आधी गवत किंवा कुंभाराची नळीची कौले असत. मग बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि ती सपाट, खाचेत खाच बसणारी कौले गलबतांनी वर कोकणात येऊ लागली. माकडांनी आणि वाऱ्याने सहज न हलणारे छप्पर हा केवढा दिलासा असेल, हे दर मेमध्ये घर शाकारावे लागणाऱ्यालाच कळेल. एक सावधगिरी: काही मंगलोरी कौलांवर कारखाना सुरू झाल्याचे साल उमटवलेले असते. ते आपल्या घराचे साल समजून बरेच जण फसतात.

याच जांभ्यात रत्नागिरीत एक घर असे उभे राहिले की ज्याच्या मालकाला ते नको होते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. खाडीकडे तोंड केलेला तो वाडा सगळे बघतात. मी मात्र तिथे गेलो की वाड्यापेक्षा पेठेचा विचार करतो. मंडालेहून आलेले एक राजघराणे इतकी वर्षे या गावात जगले म्हणजे त्यांचे तांदूळ, तेल, कापड, औषध कुणीतरी पुरवले. राजाने आपले जडजवाहीर इथे विकले. राजवाड्याचा इतिहास लिहिला गेला, वाण्याच्या वहीचा नाही.

वहीतले कोकण

वहीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे. आजोबांचा सगळा जीव त्यात होता.

खारव्याच्या लाल पुठ्ठ्याची लांब वही. पहिल्या पानावर श्री, दिवाळीच्या पाडव्याला हळदकुंकू. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, आणि तिथून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यावर, खतावणीत. सर्वांत जुन्या वह्या मोडीत होत्या. आजोबांना मोडी येत होती, माझ्या वडिलांना नाही, आणि तिथेच आमच्या घराचा अर्धा इतिहास आमच्यासाठी मुका झाला.

त्या वह्यांत पैसे जमा होण्याचे दिवस बघितले तर ते शेतीच्या हंगामाशी जुळत नाहीत. ते मुंबईच्या पगाराशी जुळतात. कोकणातली जमीन तुटपुंजी आणि खोताची. घरटी एक-दोन माणसे गिरणीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याइतकी माणसे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने दिली नाहीत. १८८० पासून टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि गावोगावच्या चुली तिच्यावर पेटू लागल्या. पोस्टमन वाडीत आला की दोन दिवसांनी बायका दुकानात येत. दुकानदार उधार देई तो शेताकडे बघून नव्हे, मुलगा कुठल्या गिरणीत आणि कुठल्या खात्यात आहे ते बघून. नावापुढे ते लिहिलेलेच असे: अमक्या वाडीची अमकी, मुलगा साचा खात्यात, म्हणजे मागांवर. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आला की स्वतः दुकानात येऊन खाते मिटवी, किंवा निदान थोडे तरी जमा करी. मोकळ्या हाताने दुकानासमोरून जाणे त्याला लाजेचे वाटे. बरेच जण पाठीमागच्या वाटेने जात, आणि दुकानदार ते बघून न बघितल्यासारखे करी.

म्हणून १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तो इथल्या वह्यांतही उमटला. आधी जमेची बाजू विरळ झाली, मग रिकामी. आजोबा तेव्हा थकले होते, पण दुकानात जात. ते म्हणत, त्या वर्षीच्या गणपतीत पाठीमागच्या वाटेने जाणारे फार वाढले. मालकाने बहुतेकांचे खाते बंद केले नाही. काहींचे केले. ती नावे आजोबांनी मला कधीच सांगितली नाहीत.

पैशांच्या दुसऱ्या लाटेची खूणही पेठेत दिसते. १९७०च्या दशकानंतर आखातात गेलेल्या माणसांनी पैसे पाठवले, त्यात कोकणी मुसलमान घरे पुष्कळ होती, आणि कौले जाऊन स्लॅब आले. जांभ्याचे तळमजले आणि वर सिमेंटचा मजला अशी जी घरे दिसतात, त्यांतली कितीतरी याच पैशांची आहेत.

वजनेमापेही याच वहीत बदलली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि त्यानंतर काही वर्षांत शेर जाऊन किलो आला. कागदावर. तोंडी मात्र पायली आणि शेर पुढे कितीतरी वर्षे चालले, अन् तराजूशेजारी जुने शेर-अडशेराचे माप उलटे घालून ठेवलेले मीही पाहिले आहे.

गुत्ता

दारूच्या दुकानाचा इतिहास पेठेच्या आठवणींतून लोक हळूच गाळतात. मला ते पटत नाही, कारण त्यात एका अख्ख्या समाजाचे पोट होते.

किनाऱ्यावर माडी काढण्याचे काम भंडारी समाजाकडे. माडाच्या खोडाला पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांवरून चढून, न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधून, तिचे टोक रोज थोडे थोडे कापायचे आणि खाली मडके अडकवायचे. सकाळ-संध्याकाळ, दर झाडावर. ताजी उतरली तर गोड, ऊन लागले की आंबते आणि चढते. नारळ, सुंभ, झावळ्या यांच्याइतकीच माडी हीसुद्धा माडाचे उत्पन्न होती.

१८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. झाडामागे कर बसला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळणे मोजक्या ठिकाणी आणले, आणि विक्रीचे हक्क मक्त्याने दिले जाऊ लागले. 'गुत्ता' या शब्दाचा अर्थच मक्ता. गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. आपण दारूच्या दुकानाला आज ज्या नावाने ओळखतो त्यात सरकारने केलेला लिलाव दडलेला आहे. ज्याने झाडावर चढायचे त्याच्या हातून धंदा निघाला आणि ज्याच्याकडे लिलावाला भांडवल होते त्याच्याकडे गेला.

पुढे स्वातंत्र्य आल्यावर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून सरसकट बंदी आली. गुत्त्यांना कुलपे लागली. माडी उतरवणारी घरे एका फटक्यात बेकार झाली. नीरा विक्रीतून थोड्यांची सोय झाली, बाकीचे मुंबईला गेले किंवा मासेमारीत शिरले. हातभट्ट्या झुडपात गेल्या, आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज असल्यामुळे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूने चोरटी दारू येई. १९६०च्या दशकात बंदी सैल झाली तोवर मधली पिढी झाडावरून उतरली होती. बंद पडलेल्या गुत्त्यांच्या जागी कितीतरी ठिकाणी चहाची हॉटेले आली. बाकडी तीच.

कुठवर येऊ द्यायचे

आता तिसरा प्रश्न.

जुन्या दुकानाला रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या, मग ओटा, मग उंबरा, आत गादी. ओटा पावसाच्या पाण्यासाठी उंच केला, हे खरे. पण तीच उंची माणसांची विभागणी करी. गादीवर मालकाच्या बरोबरीचे. उंबऱ्याशी ओळखीचे गिऱ्हाईक. ओट्यावर कुणबी, गाबीत, भंडारी. आणि पायऱ्यांच्या खाली, रस्त्यावर, महार आणि चांभार. त्यांचे पैसे पायरीवर ठेवायचे, माल वरून पदरात टाकायचा. हॉटेलात त्यांच्यासाठी करवंटी किंवा बाहेर खुंटीला टांगलेला वेगळा कप. पिऊन झाल्यावर धुवून त्यांनीच परत ठेवायचा.

कोकणातच याला सर्वांत मोठा धक्का बसला. महाडही खाडीचे बंदर आणि मोठी पेठ. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केले, पण तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह पेठेतून चालत गेले आणि ते पाणी प्यायले. त्यावरून झालेला दावा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध असताना, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले, जिथे सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येई. मूळचे रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातले कीर मुंबईत मोठे कंत्राटदार झाले होते. १९३३ मध्ये गावात अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. देवळापेक्षा ते हॉटेल मला जास्त धीट वाटते. देवळात माणूस दर्शन घेऊन निघून जातो. हॉटेलात शेजारी बसून, त्याच कपात, गावासमोर चहा प्यावा लागतो.

पण ठराव झाला, मंदिर झाले, हॉटेल निघाले म्हणून पेठेतला ओटा दुसऱ्या दिवशी खाली आला नाही. राम आळीत तो कधी खाली आला, याची तारीख कुठेच नाही.

घर पडते तेव्हा

अशी घरे एकामागे एक का पडत आहेत? लोक म्हणतात, मालकांना कदर नाही. एवढे सोपे ते नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने जुन्या जागांचे भाडे १९४० च्या दराला बांधून ठेवले. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला वाचवण्यासाठी ते गरजेचे होते. पण पन्नास वर्षांनीही दुकानाचे भाडे एका जेवणाच्या किमतीइतके राहिले. मालकाला छप्पर दुरुस्त करण्यात रस उरला नाही आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या घरावर खर्च करणे पटेना. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. मुळात आकडाच इतका लहान की चार टक्क्यांनी एक वासा येत नाही. त्यात वारस. मिळकत पत्रिकेवर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबई-पुण्यात, दोघे परदेशात, एकाचे एकाशी बोलणे नाही. सह्या होत नाहीत, तोवर आढे वाकते. एका पावसाळ्यात ते खाली येते आणि मग सगळ्यांच्या सह्या आठवड्यात होतात.

आपल्या गावातले असे एखादे घर पडायच्या आत एवढे करता येते. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी मागा. त्यांत मालक वेगळा आणि भोगवटादार वेगळा लिहिलेला असतो, आणि भोगवटादारांच्या नावांवरून दुकानात कोणकोणते धंदे येऊन गेले ते कळते. रत्नागिरी नगरपरिषद १८७६ ची आहे. वह्या रद्दीत जाण्याआधी निदान फोटो काढा, मोडी वाचणारे अजून आहेत. उंबरा, कडी, ओट्याच्या पायऱ्या, फळ्यांवरचे आकडे यांची मापे घ्या. आणि विचारा. मालकाच्या घरी तर विचाराच, पण गिऱ्हाइकाच्या वाडीतही जा. मी हे उशिरा केले.

आजोबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमचे ते दुकान पाडायला काढले. मी बघायला गेलो तेव्हा फळ्या ओट्यावर ओळीने ठेवल्या होत्या, लाकूड विकत घेणारा माणूस आकडे बघत होता. रस्त्यावर एक आजी थांबल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात औषधाची पिशवी. त्यांनी फणसाच्या फळीकडे बोट दाखवले आणि विचारले, "ही सातवी ना?"

त्यांना आकडा कसा माहीत, म्हणून मी विचारले. त्यांनी त्यांच्या वाडीचे नाव सांगितले. मग मला कळले. मी म्हणालो, हो, रेशनच्या वेळी हीच एक काढून माल देत असत, आजोबांनी सांगितले होते.

"रेशन मागनं आलं बाळा," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी आमाला हितनंच मीठ मिळायचं. दुकान दुपारी बंद झालं की मागाहून ही फळी काडायचे. समोरनं आमाला यायचं नव्हतं. माजी आय मला सांगायची, सातव्या फळीशी उबी ऱ्हा."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. खाली उंबऱ्याची ती झिजलेली खोलगट जागा अजून तशीच होती. वाकून त्यांनी तिच्यावरून एकदा तळवा फिरवला, आणि थांबलेली रिक्षा हॉर्न वाजवत होती म्हणून निघाल्या.

लाकूडवाल्याकडून मी ती एक फळी विकत घेतली. तिच्या मागच्या बाजूला, आकड्याच्या खाली, माझ्या हाताने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. आधी आजींची, मग आजोबांची.